नलिका-पंखा, विद्युत् : झोत विमानांच्या प्रतिकृतींसाठी

आखूड दंडगोलाकार नलिकेत विजेच्या मोटरीने अतिशय वेगाने फिरणारा आणि हवेचा झोत मागे फेकून विमानाला पुढे रेटणारा बहुपाती पंखा. झोत विमानांच्या, म्हणजे सामान्य व्यवहारात जेट म्हटल्या जाणाऱ्या विमानांच्या, उडत्या प्रतिकृतींमध्ये खऱ्या झोत एंजिनाच्या जागी हा पंखा बसवितात. छंदिष्टांमध्ये तो ‘ईडीएफ’ या इंग्रजी आद्याक्षरांनीच ओळखला जातो. पंख्याचे चक्र, त्याभोवतीची नलिका, चक्रामागील स्थिर पाती, मोटर, मोटरीला वीज कमीजास्त पुरविणारा इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रक आणि बॅटरी ही या योजनेची मुख्य अंगे होत. ही सर्व अंगे परस्परांशी व विमानाच्या वजनाशी जुळतील अशी निवडणे हाच या विषयातील खरा प्रश्न आहे. निवड चुकली, तर विमान जमीन सोडत नाही किंवा सोडून लगेच खाली येते. आणि बॅटरी चुकीची असल्यास आग लागण्याचाही धोका असतो.

इतिहास : नलिकेत पंखा बसविण्याची कल्पना झोत एंजिनापेक्षा जुनी आहे. इटालियन अभियंते लूईजी स्टिपा यांच्या कल्पनेनुसार काप्रोनी कंपनीने बांधलेल्या विमानाची संपूर्ण कायाच पिंपासारखी पोकळ होती व तिच्या तोंडाशी प्रचालक फिरत असे. हे विमान १९३२ मध्ये उडाले. दिसण्यात ते बेढब होते व वेगातही मागे पडले, परंतु नलिकेमुळे पंख्याची कार्यक्षमता वाढते हे त्याने दाखवून दिले. आजच्या प्रवासी विमानांच्या एंजिनांमध्ये पुढील बाजूस जो मोठा पंखा दिसतो, तोही नलिकेतील पंखाच होय [→ झोत एंजिन].

प्रतिकृती विमानांत लहान अंतर्ज्वलन एंजिनावर चालणारे नलिका-पंखे ब्रिटनमध्ये १९५० नंतरच्या दशकात वापरात आले. पुढे अमेरिकेत १९७० व १९८० च्या दशकांत त्यांचा बराच विकास झाला. हे पंखे मिथेनॉल-मिश्रित इंधनावर चालत. त्यांचा आवाज कर्कश असे आणि ते सुरू करणे हे अनुभवी हातांचे काम असे. दरम्यान १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये खऱ्या टर्बाइन-झोत एंजिनावर प्रतिकृती विमान उडविण्यात आले व हौशी मंडळींपुढे दुसरा मार्ग खुला झाला. मात्र तो आजही महागडा आहे.

विजेवर चालणाऱ्या प्रतिकृतीचे रेडिओ-नियंत्रित उड्डाण ब्रिटनमध्ये कर्नल एच. जे. टॅप्लिन यांनी ३० जून १९५७ रोजी केले. त्या काळच्या बॅटऱ्या जड होत्या. नंतर आलेल्या निकेल-कॅडमियम घटांनीही नलिका-पंख्याची विजेची भूक भागत नसे. विमान उडे, पण जेमतेम. ब्रश नसलेल्या मोटरी व लिथियम-पॉलिमर घट २००० च्या सुमारास सहज मिळू लागल्यावर चित्र पालटले. आज बाजारात ३० मिमी. पासून १२० मिमी. व्यासापर्यंतचे पंखे तयार मिळतात. त्यांपैकी ५०, ६४, ७०, ८० व ९० मिमी. हे व्यास विशेष प्रचलित आहेत.

महाराष्ट्रात विमानप्रतिकृतींची ओळख अनेकांना राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुदल शाखेतून झाली. छात्रसेना १९४८ मध्ये स्थापन झाली व तिची वायुदल शाखा १९५० मध्ये सुरू झाली. विमानप्रतिकृती बांधणे व उडविणे हा तिच्या प्रशिक्षणाचा भाग असून अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात. तेथील भर बराच काळ दोऱ्यांच्या साहाय्याने वर्तुळात फिरविल्या जाणाऱ्या व प्रचालकावर चालणाऱ्या प्रतिकृतींवर होता. त्यांवर हात बसलेल्या विद्यार्थ्याला पुढे झोत विमानाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. नासिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ विमानांच्या निर्मितीसाठी उभा राहिला, त्यामुळे या राज्यातील वाचकांना झोत लढाऊ विमान तसे परके नाही.

तत्त्व : कोणताही पंखा हवेला मागे ढकलतो व त्याची प्रतिक्रिया म्हणून स्वतः पुढे ढकलला जातो. दर सेकंदास मागे फेकलेल्या हवेचे वस्तुमान गुणिले तिला दिलेला वेग म्हणजे मिळणारा रेटा होय. परंतु त्यासाठी खर्च होणारी शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून पुष्कळ हवा सावकाश ढकलणे हे थोडी हवा वेगाने ढकलण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते. नलिका-पंख्याची मूळ अडचण येथेच आहे, कारण प्रतिकृतीच्या सडपातळ कायेत मोठा पंखा मावत नाही.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ७० मिमी. व्यासाच्या पंख्यात मधील तुंब्याची जागा वजा जाता हवेला वाहण्यासाठी सु. ३२ चौ. सेंमी. क्षेत्र उरते. समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेत (घनता १.२२५ किग्रॅ. प्रतिघमी.) या क्षेत्रातून १.४ किग्रॅ. रेटा, म्हणजे सु. १३.७ न्यूटन, मिळवावयाचा तर झोताचा वेग सेकंदास सु. ५९ मी. असावा लागतो. अशा झोतासाठी आदर्श स्थितीतही सु. ४०० वॉट लागतात. २५ सेंमी. व्यासाच्या उघड्या प्रचालकाला तेवढ्याच रेट्यासाठी आदर्श स्थितीत सु. १४५ वॉट पुरतात. नलिका निरुपयोगी असते असा याचा अर्थ नाही. ७० मिमी. व्यासाचाच उघडा पंखा घेतला असता, तर त्याला नलिकेतील पंख्यापेक्षा सु. ४०% अधिक शक्ती लागली असती. नलिका व्यासाचे नुकसान काही अंशी भरून काढते, संपूर्ण नाही.

मग नलिका-पंखा का वापरावयाचा? पहिले कारण रूप. मिग किंवा किरण विमानाच्या नाकावर प्रचालक गरगरताना पाहणे खऱ्या हौशी माणसाला सोसत नाही. दुसरे कारण वेगाचे आहे. विमान वेगात असताना हवा आधीच समोरून येत असते, त्यामुळे रेटा झोताचा वेग व विमानाचा वेग यांतील फरकावर अवलंबून राहतो. वरील प्रचालकाचा जागेवरचा झोत सेकंदास जेमतेम २१ मी. वेगाचा असतो, सेकंदास ३० मी., म्हणजे ताशी १०८ किमी., वेगाला त्या झोताचा उपयोग नाही. नलिका-पंखा त्या वेगालाही आपल्या स्थिर रेट्याच्या सु. निम्मा रेटा देत राहतो. उलट बाजू अशी की, जागेवरून उठताना, जेव्हा रेट्याची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हा तो सर्वांत कमी कार्यक्षम असतो.

निवडीचा क्रम : नवशिक्या बहुधा पंखा आधी विकत घेतो व मग त्याभोवती विमान बांधतो. हा क्रम उलटा हवा. प्रथम विमान, त्याचे उड्डाणसज्ज वजन आणि ते कोठून उडवावयाचे हे ठरवावे. गुळगुळीत धावपट्टी असेल, तर वजनाच्या ६० ते ७० टक्के रेट्यावरही सौम्य विमान उडते. हाताने फेकून किंवा गवतावरून उडवावयाचे असेल, तर ८० ते १०० टक्के हवा. सरळ उभे वर चढावयाचे असेल, तर अर्थातच वजनाहून अधिक रेटा लागतो. येथे रेटा म्हणजे विमानात बसविल्यावर मिळणारा रेटा. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा उघड्यावरील चाचणीचा असतो; विमानातील हवामार्गांमुळे त्यातून १० ते २० टक्के वजा होतात, आणि मार्ग वाईट असतील तर त्याहूनही अधिक.

समजा, विमानाचे वजन १.४ किग्रॅ. आहे व ते हाताने फेकावयाचे आहे. त्याला सु. १.२ किग्रॅ. प्रत्यक्ष रेटा लागेल; म्हणून चाचणीत १.४ किग्रॅ. रेटा देणारा पंखा शोधावा. वर काढल्याप्रमाणे झोताची शक्ती ४०० वॉट होते. पंखा व मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता ५५% धरली, तर बॅटरीतून सु. ७४० वॉट काढावे लागतील. दर किलोग्रॅम वजनामागे हे सु. ५२५ वॉट झाले. प्रचालकाच्या विमानाला याच्या निम्म्याहून कमी शक्ती पुरते, हे लक्षात न घेतल्यामुळे पुष्कळांची पहिली झोत प्रतिकृती जमिनीवरच राहते.

लिथियम-पॉलिमर घटाचा नामित दाब ३.७ व्होल्ट असतो. चार घटांची बॅटरी पूर्ण भाराखाली सु. १४.२ व्होल्ट देते असे मानल्यास प्रवाह ५२ अँपियर होईल. वेगनियंत्रक नेमका तेवढ्याच क्षमतेचा घेऊ नये. ७० ते ८० अँपियरचा घ्यावा, कारण विमानाच्या बंदिस्त पोटात त्याला वारा कमी मिळतो. बॅटरी ३,३०० मिलिअँपियर-तासांची घेतली व तिचा ८० टक्केच वापर केला, तर पूर्ण गतीवर ती सु. ३ मिनिटे पुरते. प्रत्यक्षात हवेत गेल्यावर गती कमी केली जात असल्याने उड्डाण ४ ते ५ मिनिटांचे होते. त्याहून अधिक वेळाची आशा धरून जड बॅटरी बसविणे हा हमखास तोट्याचा सौदा आहे. अशा बॅटरीचे वजन आधीच सु. ३५० ग्रॅ., म्हणजे विमानाच्या एक चतुर्थांश, असते.

बॅटरीवर तिच्या धारिणेच्या किती पट प्रवाह ती देऊ शकते हा आकडा छापलेला असतो. वरील उदाहरणात १६ पट प्रवाह लागतो. छापील आकडा बहुधा उदार हाताने लिहिलेला असल्यामुळे ३० ते ३५ पट असा उल्लेख असलेलीच बॅटरी घ्यावी. क्षमतेच्या कडेवर चालविलेली बॅटरी तापते, फुगते व काही उड्डाणांतच निकामी होते.

आता दाबाचा प्रश्न. तीच ७४० वॉट शक्ती सहा घटांतून घेतली, तर प्रवाह ५२ ऐवजी सु. ३५ अँपियर लागतो. तारांतील व जोडांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती निम्म्याहून कमी होते. ऊर्जेच्या दृष्टीने चार घटांची ३,३०० व सहा घटांची २,२०० मिलिअँपियर-तासांची बॅटरी अगदी सारखीच. वजनही जवळजवळ तेवढेच. म्हणून ७० मिमी. व त्यावरील पंख्यांसाठी अधिक घट व कमी प्रवाह हीच योजना प्रस्तुत लेखकाला श्रेयस्कर वाटते. मात्र त्यासाठी मोटर बदलावी लागते. मोटर एका व्होल्टला मिनिटात किती फेरे करते हा तिचा विशेष अंक असतो. भाराखाली पंखा मिनिटाला ३४,००० फेरे फिरावा असे अभिप्रेत असेल, तर भाररहित स्थितीत ती सु. ४१,००० फेरे करणारी असावी. म्हणजे चार घटांसाठी सु. २,९०० व सहा घटांसाठी सु. १,९०० अंकाची मोटर योग्य होय. चार घटांची मोटर सहा घटांवर जोडून ‘जास्त जोर’ मिळविण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात पंखा निर्मात्याने सांगितलेल्या कमाल फेऱ्यांपलीकडे जातो व पाती उडून नलिका फोडतात.

पात्यांची संख्या हा बाजारात फार चर्चिला जाणारा, पण निवडीत दुय्यम मुद्दा आहे. पूर्वीचे पंखे ३ ते ६ पात्यांचे असत व त्यांचा सूर शिट्टीसारखा तीक्ष्ण असे. १० ते १२ पात्यांच्या पंख्यात तो सूर मंदावतो व झोताचा घोष अधिक ऐकू येतो. कानाला हे सुखद असते, रेट्यात मात्र त्यामुळे चमत्कार घडत नाही. पात्यांची टोके व नलिका यांमधील फट किती आहे हे अधिक महत्त्वाचे. ती व्यासाच्या एक टक्क्याहून कमी, ७० मिमी. पंख्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, असावी. चक्राचे संतुलनही तपासून घ्यावे. मिनिटाला ३४,००० फेऱ्यांना अल्प असंतुलनही धारवे खाऊन टाकते.

हवामार्ग : चांगला पंखा वाईट मार्गात बसविला, तर वाया जातो. हवा आत घेणाऱ्या तोंडाचे क्षेत्र पंख्याच्या प्रवाहक्षेत्राइतके असावे. पुष्कळ खऱ्या विमानांची तोंडे प्रमाणात लहान असतात. अशा वेळी कायेच्या खालच्या बाजूस जास्तीचे छिद्र ठेवतात. रूपाच्या दृष्टीने ही लबाडी आहे, पण ती सर्वमान्य आहे. तोंडाची कड धारदार न ठेवता गोलसर करावी. या कडेवरून आत वळणाऱ्या हवेच्या कमी दाबामुळे कड स्वतःच पुढे ओढली जाते व जागेवरील रेट्याचा लक्षणीय भाग तेथेच निर्माण होतो. मागील नळी निमुळती करून तिचे टोक प्रवाहक्षेत्राच्या ८० ते ९० टक्के ठेवल्यास झोताचा वेग वाढतो, जागेवरचा रेटा मात्र थोडा घटतो. वेगवान विमानाला हे फायद्याचे आहे, हाताने फेकावयाच्या विमानाला नाही. नळी सनबोर्डच्या खडबडीत कापलेल्या कडांची न ठेवता पातळ गुळगुळीत प्लॅस्टिकच्या पत्र्याची करावी.

कोणत्या विमानाची प्रतिकृती करावी याचाही येथेच विचार येतो. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचे किरण हे प्रशिक्षण विमान (पहिले उड्डाण १९६४) नवशिक्याला उत्तम : पंख सरळ व पुरेसे रुंद, हवेची तोंडे दोन्ही बाजूंस, नळ्या आखूड. १९६१ मध्ये प्रथम उडालेल्या मारुतचे रूप देखणे आहे, पण त्याचे पंख मागे वळलेले असून कायेत दोन एंजिनांची जागा आहे. दोन लहान पंख्यांपेक्षा एकच मोठा पंखा बसवून मागे नळी दुभागणे त्यात बरे. नॅटचे पंख चिमुकले असल्याने त्याची प्रतिकृती वेगातच उतरवावी लागते. मिग-२१ मध्ये हवा नाकातून येऊन लांबच लांब नळीतून पंख्यापर्यंत जाते, आणि त्रिकोणी पंखांमुळे ते नाक बरेच वर करून उतरते. ज्याने आधी दोन-तीन झोत प्रतिकृती उडविल्या आहेत त्यानेच त्याच्या वाटेस जावे.

उंची व उष्णता : वरील सर्व आकडे समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेचे आहेत, आणि महाराष्ट्राचा बराच भाग समुद्रसपाटीवर नाही. अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुका याचे बोलके उदाहरण आहे. रायगड जिल्ह्यातील, सह्याद्रीच्या पायथ्याचे कर्जत निराळे. हे कर्जत भीमा व सीना यांच्या दरम्यानच्या अवर्षणप्रवण पठारावर आहे. या पठाराची उंची सर्वसाधारणपणे ५०० ते ६०० मी. असून उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४० अंश से. पर्यंत व त्यापलीकडेही जाते. ५५० मी. उंचीवर ४० अंश से. तापमानाच्या हवेची घनता सु. १.०६ किग्रॅ. प्रतिघमी. येते, म्हणजे प्रमाण हवेपेक्षा सु. १४ टक्के कमी.

याचे परिणाम दुहेरी आहेत. तितक्याच फेऱ्यांना पंख्याचा रेटा १४ टक्के घटतो. हवा विरळ असल्याने मोटरीवरील भार कमी होऊन फेरे किंचित वाढतात व थोडी भरपाई होते, पण ती थोडीच. दुसरीकडे, विमान हवेत तरून राहण्यासाठी लागणारा किमान वेग सु. ८ टक्के वाढतो. वरील १.४ किग्रॅ. वजनाच्या विमानाचे पंखक्षेत्र १८ चौ. डेसिमी. असेल, तर हा वेग ताशी ४० वरून सु. ४३ किमी. होतो. एकीकडे ढकलणारा जोर कमी आणि दुसरीकडे गाठावयाचा वेग जास्त, त्यामुळे धाव ढोबळमानाने ४० टक्क्यांनी लांबते. हाताने फेकलेल्या विमानाला तर धाव नसतेच; फेकणाऱ्याच्या हाताच्या जोरावर व पहिल्या दोन-तीन सेकंदांवर सारे अवलंबून असते. मुंबईच्या किनाऱ्यावर जेमतेम निभावलेली योजना कर्जतच्या माळावर मे महिन्याच्या दुपारी फसते ती यामुळे.

उपाय दोन. पहिला, वजन कमी करणे. थर्माकोल किंवा तत्सम फेसाळ प्लॅस्टिकच्या विमानातून शंभर ग्रॅम वजन काढणे हे पंखा मोठा करण्यापेक्षा स्वस्त व अधिक परिणामकारक असते. दुसरा, वेळ निवडणे. डिसेंबरच्या सकाळी १२ अंश से. तापमान असताना त्याच माळावरील हवा मे महिन्याच्या दुपारपेक्षा सु. १० टक्के अधिक घन असते व वाराही शांत असतो. पठारावर जून ते ऑगस्टमध्ये पश्चिमेचा जोराचा वारा वाहतो; त्या काळात लहान झोत प्रतिकृती खोक्यातच राहू द्यावी. एवढे करूनही रेटा अपुरा वाटला, तर ७० ऐवजी ८० मिमी. पंखा घ्यावा. मोठ्या प्रवाहक्षेत्रातून तोच रेटा कमी वेगाच्या झोताने मिळतो व शक्तीही कमी लागते. काया मात्र त्या मापाची हवी.

जमीन हाही निवडीचा भाग आहे. रब्बी ज्वारीची कापणी झालेल्या रानात धसकटे उभी असतात. त्यांवर पोटाने उतरलेले विमान फाटते. माळावरच्या वाळलेल्या गवताची कुसळे व बारीक खडे पंखा आत ओढून घेतो. चाकांवर धावणारे विमान अशा ठिकाणी ९० मिमी. पंख्याच्या मापाचे तरी असावे, कारण त्याहून लहान विमानाची चाके भेगाळलेल्या काळ्या मातीत अडकतात. लहान विमानासाठी हाताने फेकणे किंवा ताणलेल्या रबरी दोरीने सोडणे बरे. सोडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रचालकाच्या विमानात प्रचालकाचा वारा शेपटीवर सतत खेळत असल्याने कमी वेगालाही सुकाणू ऐकते. नलिका-पंख्याचा झोत शेपटीच्या पृष्ठांना स्पर्श न करता मागे निघून जातो. म्हणून वेग येईपर्यंत विमान वळविण्याचा किंवा नाक वर ओढण्याचा प्रयत्न करू नये. शिवाय पंख्याला पूर्ण फेऱ्यांपर्यंत चढण्यास किंचित वेळ लागतो. उतरताना गती पूर्ण बंद करून चालत नाही, कारण ऐन वेळी पुन्हा जोर मागितला तर तो लगेच मिळत नाही.

तपासणी : विकत घेतलेल्या आकड्यांवर न विसंबता दोन मोजमापे स्वतः करावीत. विमान पूर्ण सज्ज करून गुळगुळीत फळीवर ठेवावे, शेपटीला काटा बांधून रेटा पाहावा, आणि बॅटरी व वेगनियंत्रक यांच्या दरम्यान वॉटमापक जोडून व्होल्ट, अँपियर व वॉट पाहावेत. पूर्ण गती १५-२० सेकंदांपेक्षा जास्त वेळ देऊ नये. प्रवाह अपेक्षेपेक्षा जास्त व रेटा कमी असेल, तर दोष बहुधा हवामार्गात असतो. दोन्ही कमी असतील, तर बॅटरीत. चाचणीच्या वेळी पंख्याच्या पात्यांच्या पातळीत कोणी उभे राहू नये.

बॅटरी : लिथियम-पॉलिमर घट ४.२ व्होल्टहून अधिक भारित करू नये व ३ व्होल्टच्या खाली उतरू देऊ नये. काही दिवस वापरावयाचा नसेल, तर तो सु. ३.८ व्होल्टवर ठेवावा. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत किंवा मोटारसायकलच्या डिकीत बॅटरी ठेवणे धोक्याचे आहे. ती भारित होत असताना जवळ माणूस असावा व शेजारी कोरड्या वाळूची बादली असावी. फुगलेला घट पुन्हा वापरू नये. विजेची सोय नसलेल्या माळावर ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून भारण करता येते. वरील उदाहरणातील बॅटरीत सु. ४९ वॉट-तास ऊर्जा मावते, म्हणून चार-पाच उड्डाणांनी ट्रॅक्टरची बॅटरी रिती होत नाही. तरी ती इतकी उतरवू नये की ट्रॅक्टर सुरू व्हावयाचा नाही.

जागा व नियम : भारतात २५ ऑगस्ट २०२१ रोजी लागू झालेल्या ड्रोनविषयक नियमांत प्रतिकृती विमानांचा स्वतंत्र उल्लेख आहे. एकूण २५ किग्रॅ.पर्यंत वजनाचे, केवळ शिक्षण, संशोधन, अभिकल्प, चाचणी किंवा करमणूक यांसाठी वापरले जाणारे व नजरेच्या टप्प्यातच उडविले जाणारे दूरनियंत्रित विमान त्या व्याख्येत येते. त्याला प्रकार-प्रमाणपत्राची आवश्यकता ठेवलेली नाही. आकाशाचे हिरवा, पिवळा व तांबडा असे विभाग केलेले असून उड्डाणापूर्वी जागा कोणत्या विभागात येते हे नकाशावर पाहावे लागते. हिरव्या विभागातील मर्यादा ४०० फूट, म्हणजे १२० मी., उंचीची आहे. नगर शहराभोवती लष्कराची क्षेत्रे असल्याने तेथे विशेष दक्षता हवी. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे काळविटांसाठी १९८० मध्ये अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सव्वादोन चौ. किमी.हूनही कमी असल्याने काळविटांचे कळप भोवतालच्या माळांवर व शेतांतही चरताना आढळतात. पंख्याच्या तीक्ष्ण आवाजाने ते बिथरून धावतात, म्हणून अभयारण्यात तर नव्हेच, पण कळप दिसणाऱ्या कोणत्याही माळावर असे विमान उडवू नये.

धुळीच्या प्रदेशात दर दहा-बारा उड्डाणांनंतर पंखा बाहेर काढून पात्यांच्या कडा व मोटरीची धारवी तपासावीत. चक्र हाताने फिरविले असता खरखर लागली, तर धारवी बदलावीत. तेल सोडून वेळ मारून नेल्यास त्या तेलाला धूळ चिकटते व धारवी अधिक लवकर झिजतात.